विंडोज १० संपले, अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकांचे काय? लिनक्स आपल्या पोरांना झेपेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. त्या दिवशी कोणताही संगणक बंद पडला नाही, म्हणून आपल्या वस्त्यांमध्ये त्याची फारशी चर्चाही झाली नाही. पण त्र्यंबकेश्वर तालुक्यात विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या खोलीत चालणाऱ्या ज्या अभ्यासिका आम्ही पाहतो, तिथले संगणक नेमके याच गटातले आहेत. कुणा नोकरदार समाजबांधवाने दान दिलेले, नाहीतर नाशिकच्या एखाद्या कार्यालयाने बदलून टाकलेले. बहुतेक २०१७ च्या आधीचे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. जुन्या यंत्रात ती नसते, त्यामुळे चांगला चालणारा संगणकही विंडोज ११ नाकारतो.

मग काय करायचे? नवीन घ्यायला पैसे नाहीत. घरगुती वापरकर्त्याने मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची सोय कंपनीने ठेवली, पण तीही मुदतीचीच. आपल्याकडे सर्रास होते ते वेगळेच. कुणीतरी पेनड्राइव्हवर ‘क्रॅक’ आणतो, अँटिव्हायरस बंद करायला सांगतो आणि विंडोज चढवून देतो. कुणी लिहिलेला तो प्रोग्राम आहे, आत काय करतो, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि या संगणकांवर असते काय? मुलांचे आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बापाचे बँक पासबुक, सगळ्यांचे स्कॅन डेस्कटॉपवर उघडे पडलेले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरून पोरगी घरी जाते आणि तिची कागदपत्रे तिथेच राहतात. म्हणून हा विषय केवळ संगणकप्रेमींचा नाही.

तिसरा एक मार्ग आहे, लिनक्सचा. त्याचे नाव घेतले की पहिला प्रश्न येतो तो अवघड असण्याचा. कार्यकर्त्यांकडून हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा आला की त्याचे उत्तर एकदा नीट मांडावे असे वाटले.

आधी थोडक्यात ओळख. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला सुरुवात केली. तो कुणालाही वापरता, तपासता, बदलता येतो. त्या गाभ्यावर वेगवेगळ्या गटांनी पूर्ण प्रणाल्या उभ्या केल्या. उबुंटू २००४ पासून आहे, लिनक्स मिंट २००६ पासून. आपल्या सी-डॅकनेही २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची भारतीय आवृत्ती काढली. आणि ज्याला लिनक्स अनोळखी वाटते त्याच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. या लेखात आम्ही मुख्यतः लिनक्स मिंटबद्दल बोलत आहोत, कारण त्याचा पडदा विंडोजची सवय असलेल्याला सर्वांत जवळचा वाटतो: खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघडलेल्या खिडक्यांची पट्टी.

सोपे कुणासाठी?

समाजशास्त्र शिकताना एव्हरेट रॉजर्स यांचे १९६२ चे नवकल्पनांच्या प्रसारावरचे पुस्तक वाचावे लागते. त्यामागे एक जुना अभ्यास आहे, १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मक्याच्या शेतकऱ्यांचा. हायब्रीड बियाण्याची माहिती शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून मिळाली, पण ते पेरायचे ठरले शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. संगणकाचेही तसेच आहे. वस्तू सोपी की अवघड हे वस्तूतच लिहिलेले नसते. आपल्या सवयीशी ती किती जुळते, थोडी करून पाहता येते का, आणि अडले तर विचारायला शेजारी कोण आहे, यावर ते ठरते.

महाराष्ट्रात गेली वीसेक वर्षे संगणक शिकणे म्हणजे एमएस-सीआयटी करणे. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागते, म्हणून खेड्यापाड्यातली लाखो मुले त्या वर्गांत बसली. त्या वर्गांनी ग्रामीण मुलांचा हात माऊसवर पहिल्यांदा ठेवला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण तिथे शिकवले गेले ते विंडोज आणि वर्ड-एक्सेल. त्यामुळे आपल्या मनात संगणक आणि विंडोज हे दोन शब्द एकच झाले. लिनक्स ‘अवघड’ वाटण्याचा मोठा भाग इथून येतो.

ही सवय नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात धनगरवाडा नावाची वाडी आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये तिथल्या लहानशा प्राथमिक शाळेत झाला. मुलांना दिलेल्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर विंडोज नव्हते. लिनक्सवर ‘शुगर’ नावाचा मुलांसाठी बनवलेला पडदा होता. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या कामाशी जोडलेले होते. पहिली ते चौथीची ती पोरे त्यावर लिहू लागली, चित्रे काढू लागली, फोटो घेऊ लागली. ‘हे विंडोजसारखे का नाही’ असे विचारायचे त्यांना काही कारणच नव्हते. तो जागतिक प्रकल्प भारतात पुढे पसरला नाही, ती वेगळी कथा. पण वाडीवरच्या सात-आठ वर्षांच्या मुलांना जमले ते बी.ए.च्या मुलांना जमणार नाही, असे म्हणता येणार नाही.

रोजच्या कामाची परीक्षा

अभ्यासिकेत संगणक लागतो कशासाठी? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीचा ऑनलाइन अर्ज, एमपीएससीची जाहिरात आणि अर्ज, डिजिलॉकर, यूट्यूबवरची व्याख्याने, जुन्या प्रश्नपत्रिका, महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांचे पीडीएफ. यातले जवळजवळ सगळे ब्राउझरमध्ये किंवा पीडीएफ वाचकात होते. फायरफॉक्स मिंटबरोबरच येतो, क्रोम हवा तर गुगलच्या संकेतस्थळावरून लिनक्ससाठीचा उतरवता येतो. या कामांपुरता खाली विंडोज आहे की लिनक्स, हे मुलांना दुसऱ्या दिवशी आठवतही नाही. आम्ही जिथे हा बदल जवळून पाहिला, तिथे मुलांनी विचारलेले प्रश्न अगदी साधे होते: पेनड्राइव्ह कुठे दिसतो, डाउनलोड झालेली फाइल कुठे गेली, फोटोचा आकार अर्जासाठी कमी कसा करायचा. पहिल्या दोन गोष्टी पाच मिनिटांत कळतात. तिसरी विंडोजवरही कुणाला येत नव्हती!

वर्ड-एक्सेलच्या जागी लिबर-ऑफिस असते. ते वर्डच्या फाइली उघडते आणि त्याच स्वरूपात जतनही करते. मात्र मराठी मजकुरात एक गोम आहे. विंडोजवर ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ फॉन्टमध्ये केलेली फाइल लिनक्सवर उघडली की तो फॉन्ट नसल्याने दुसरा लागतो आणि ओळी सरकतात, एक पानाचे सव्वा पान होते. म्हणून तहसीलला द्यायचा अर्ज किंवा निवेदन कुणालाही पाठवताना पीडीएफ करून पाठवावे. लिबर-ऑफिसमध्ये त्यासाठी वरच्या पट्टीतच बटण आहे.

पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसचा त्रास मात्र खरोखर कमी होतो. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला की फोल्डर गायब होऊन शॉर्टकट दिसू लागतात, हे सगळ्यांनी भोगले आहे. ते व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात, लिनक्सवर ते चालत नाहीत. याचा अर्थ लिनक्सवर फसवणूक होत नाही असा नाही. खोट्या संकेतस्थळावर ओटीपी दिला तर कोणतीच प्रणाली वाचवत नाही.

आणखी एक सोय अभ्यासिकेसाठी फार मोलाची आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मिंटमध्ये लॉगिनच्या सेटिंगमध्ये ‘गेस्ट सेशन’ सुरू करता येते. मुलगी पाहुणी म्हणून आत आली, अर्ज भरला, बाहेर पडली की तिने त्या वेळात उतरवलेल्या फाइली आणि ब्राउझरमधली लॉगिन पुसली जातात. आपली प्रत तिने पेनड्राइव्हवर किंवा डिजिलॉकरमध्ये आधीच ठेवली पाहिजे, एवढे तिला सांगायचे. दहा जणांच्या सामायिक संगणकावर दुसऱ्याचा दाखला तिसऱ्याच्या हाती न पडण्याचा इतका साधा उपाय दुसरा नाही.

मराठी लिहिणे: इथे थोडा वेळ द्या

सगळ्यात जास्त शंका मराठी टंकलेखनाच्या असतात आणि त्या रास्त आहेत. युनिकोडमधले मराठी लिनक्सवर चांगले दिसते. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून ‘लोहित’ फॉन्टचे आणि मराठी भाषांतराचे बरेच काम झाले आहे. मेनू, सूचना मराठीत घेता येतात. आमचे मत विचाराल तर सुरुवातीला ते इंग्रजीतच ठेवा. यूट्यूबवरची मदत इंग्रजी-हिंदी मेनू धरून दिलेली असते आणि मराठी मेनूतले काही पारिभाषिक शब्द वाचून मराठी माणूसच अडखळतो.

टंकनासाठी इन्स्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाणित कळफलक आहे आणि तो विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे सारखाच आहे. के वर ‘क’, एल वर ‘त’, जे वर ‘र’, डी वर हलन्त. बोटांना एकदा सवय झाली की प्रणाली बदलली तरी बोटे बदलत नाहीत. ‘दुसऱ्या’तला तो आपला अर्धा र हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग ‘य’ची कळ. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी फोनेटिक पर्यायही आहेत. ‘इनपुट मेथड’च्या सेटिंगमध्ये एकदा जोडायचे, मग एका कळीने इंग्रजी-मराठी बदलते.

अडचण आहे ती जुन्या फॉन्टची. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, आकृती यांसारख्या फॉन्टमध्ये वीस-पंचवीस वर्षांत आपल्या मंडळांच्या स्मरणिका, धम्म परिषदेची पत्रके, वर्षावासाच्या प्रवचनमालेच्या पत्रिका लिहिल्या गेल्या. या फाइली नव्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. हा गोंधळ फॉन्ट नसल्यास विंडोजवरही होतो. दोष युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचा आहे. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली तर मजकूर वाचता येतो, पण त्यात नवीन लिहायचे तर त्या त्या कंपनीचे विंडोजचे सॉफ्टवेअर लागते. म्हणून जुना संगणक पुसण्याआधी या फाइलींचे पीडीएफ करून घ्या आणि मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा. आपल्या वस्त्यांचा लिखित इतिहास असाच कुणाच्या तरी मोडक्या हार्डडिस्कवर पडून आहे. लिनक्सचे काही ठरो वा न ठरो, हे काम करायलाच हवे.

जिथे लिनक्स चालत नाही

आता उलटी बाजू, आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असा वेग लागतो. त्यासाठीची शासकीय संगणक टंकलेखन परीक्षा आणि तिच्या तयारीची सॉफ्टवेअर विंडोजवर आधारलेली आहेत, आणि बरीच मुले तिथे रेमिंग्टन कळफलकावर सराव करतात. अशा मुलाला लिनक्सवर बसवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे. त्याला विंडोजच द्या. याउलट पर्याय निवडून उत्तर द्यायच्या संगणकीय परीक्षांना काही फरक पडत नाही. तिथे फक्त माऊस लागतो.

आपले सरकार किंवा सीएससी केंद्र चालवणाऱ्या आपल्या तरुणांनीही आपला कामाचा संगणक बदलू नये. आधारशी जोडलेले अंगठ्याचे यंत्र चालायला जी सेवा बसवावी लागते ती प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते. डिजिटल सहीच्या टोकनचेही तसेच. लिनक्सवर ती चालवणारे लोक आहेत, पण रांगेत वीस माणसे उभी असताना तो प्रयोग करायचा नसतो.

१४ एप्रिलचा फ्लेक्स करणाऱ्यांना कोरलड्रॉ लागतो, आणि तो लिनक्ससाठी येत नाही. इंकस्केपमध्ये तेच काम होते, पण फ्लेक्सवाल्याला कोरलचीच फाइल हवी असते, म्हणून त्याला पीडीएफ चालेल का हे आधी विचारावे. प्रिंटरचे नशिबावर आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्स लगेच ओळखते, काही कंपन्यांचे जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र रात्र घालवूनही ओळखले जात नाहीत. बदल करण्यापूर्वी आपल्या प्रिंटरचे मॉडेल आणि ‘लिनक्स’ असे टाकून शोधले तर अर्धी डोकेदुखी वाचते. शिवाय फार जुना, ३२-बिटचा संगणक असेल तर नव्या मिंटच्या नादी लागू नका, ते फक्त ६४-बिटवर चालते. रॅम किमान २ जीबी सांगितली आहे, पण प्रत्यक्षात ४ जीबीच्या खाली ब्राउझर रडवतो.

केरळला जमले, म्युनिकने माघार घेतली

केरळने ‘आयटी@स्कूल’ प्रकल्पातून सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणले. २००८ च्या सुमारास दहावीची संगणकाची परीक्षाही त्यावरच होऊ लागली. आज ‘काइट’ ही सरकारी कंपनी शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवते. तिथले लिनक्स आपल्याकडच्यापेक्षा काही सोपे नव्हते. पण शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तक त्याच प्रणालीवर लिहिले गेले, परीक्षा त्याच प्रणालीवर झाली. अडले तर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला येत होते. मक्याच्या शेतकऱ्याचा शेजारी तो हाच.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचे ठरवले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा निर्णय झाला. बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवाणघेवाण, जुनी खास सॉफ्टवेअर, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बदललेले राजकीय नेतृत्व, सगळेच त्यात होते. श्रीमंत शहर, पगारी तंत्रज्ञ, तरी माघार. तेव्हा एखाद्या कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात एका रविवारी पाचही संगणक पुसून टाकले आणि सोमवारी तो कामाला पुण्याला निघून गेला, तर काय होईल ते सांगायला नको. आमचा आग्रह असा की ज्या अभ्यासिकेत किमान दोन स्थानिक मुले-मुली ही प्रणाली स्वतः चढवायला आणि दुरुस्त करायला शिकलेली नाहीत, तिथे हा बदल करूच नये. त्यातली एक तरी मुलगी असावी. मुलींच्या वेळेला अभ्यासिकेत विचारायला कुणी नसते, हे आम्ही वारंवार पाहिले आहे.

पुसण्याआधी करून पाहा

लिनक्सची चांगली गोष्ट ही की ते न बसवता चालवून पाहता येते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची आहे. ती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, आणि रुफस किंवा एचर या मोफत साधनाने पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, हे लक्षात ठेवा. संगणक सुरू करताना कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडला की मिंट उघडते. तुमच्या विंडोजला, फाइलींना हात लागत नाही. थोडे हळू चालेल, पण वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी टंकन सगळे तपासता येते. आठवडाभर मुलांना असेच वापरू द्या.

जुन्या संगणकावर वायफायचा डोंगल ओळखला गेला नाही तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुतेक फोनवर ते लगेच चालते. हरसूल, ठाणापाडा भागात इंटरनेट म्हणजे तसाही मोबाइलच. पहिल्या वेळी शेकडो एमबीची अद्ययावतता उतरते, म्हणून ते काम नेटवर्क बरे असलेल्या ठिकाणी, नाशिकला किंवा त्र्यंबक गावात करून मगच संगणक पाड्यावर न्यावा. एरवी मिंट विचारल्याशिवाय स्वतःला अद्ययावत करत नाही, त्यामुळे अर्जाच्या शेवटच्या दिवशी पडद्यावर गोल फिरत बसण्याची वेळ येत नाही. पण त्याचीच दुसरी बाजू ही की महिन्यातून एकदा कुणीतरी ते बटण आठवणीने दाबावे लागते. पावसाळ्यात आपल्या भागात वीज सारखी जाते, त्यामुळे संगणकाला यूपीएस हवाच, आणि प्रणाली चढवण्याचे काम पावसाच्या दिवशी काढू नये.

पाच संगणक असतील तर आधी दोनच बदला. टंकलेखनाचा सराव आणि प्रिंटर यांसाठी एक विंडोजवर ठेवावाच लागेल, तो विंडोज ११ घेणारा असला तर उत्तम. तसा नसेल तर त्यावर कुणाचेही दाखले ठेवू नका आणि इंटरनेट लागेल तेवढ्यापुरतेच जोडा. मिंटची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देणार आहे. ज्या दोघांना शिकवायचे आहे त्यांची नावे तेवढी आधी ठरवा, संगणक पुसायचा दिवस नंतर ठरेल.